ग्रहाला कप्तान दिसू नये म्हणून

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
सार्वजनिक सभागृह व वाचनालय.

विषय : अंतराळात गेलेल्या मुलांच्या जुन्या चित्रपटाचा शनिवारचा खेळ, त्यातील एक प्रसंग, आणि त्यामुळे एका घरावर येऊ घातलेले संकट याबाबत.

संदर्भ : सभागृहाच्या दाराला लावलेली, खालचा कोपरा सुटलेली आपली सूचना.

महोदय,

हातातले कागद घटकाभर बाजूला सारून खुर्ची जरा पुढे ओढून घ्यावी. अर्ज लांबला आहे खरा; पण त्यात एका अंतराळयानाची हकीगत आहे, आणि देवाच्या दयेने ती ऐकून आजवर कोणाचे वाईट झालेले नाही.

१. अर्जदार म्हणजे माझे यजमान. बस आगारात वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडण्यात गेला. ते शाळेत असताना हा चित्रपट लागला होता. वडील तिन्ही मुलग्यांना घेऊन गेले. धाकटी बहीण तापाने फणफणली होती, ती आईजवळ राहिली. परत येताच मुलांनी जिन्याखाली यान उभे केले : दोन खुर्च्या उताण्या, पातेल्याचे झाकण हे सुकाणू. कप्तान अर्थातच थोरले, म्हणजे अर्जदार; चित्रपटातही थोरलाच कप्तान असतो, असे त्यांनी बहिणीला सांगितले. मधल्या दोघा भावांना इंजिन आणि रेडिओ मिळाला. बहिणीने विचारले, "आणि मी?" अर्जदार म्हणाले, "तू ग्रह." तिच्यावर घोंगडी टाकण्यात आली. हलायचे नाही, बोलायचे नाही. ग्रह कधी बोलतात का? यान तिच्याभोवती फिरत असे आणि ती बिचारी आत घामाघूम होऊन गोल बसत असे.

२. वस्तुस्थिती वेगळी आहे. चित्रपटात यान चुकून सुटते, मोठी माणसे खाली राहतात. थोरला मुलगा पहिल्याच धक्क्याला पिशवीत ओकू लागतो, तो शेवटपर्यंत. आणि सगळ्यांत धाकटी, दोन वेण्यांची मुलगी कप्तानाच्या खुर्चीत चढून बसते व सर्वांना सुखरूप घरी आणते. हे अर्जदारांनी मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितले, तेही माझ्याकडे पाठ करून.

३. आपण म्हणाल, बाई, पोरखेळ तो. केस पिकल्यावर मनाला काय लावून घ्यायचा? पण तो खेळ जिन्याखाली संपलाच नाही. नणंदबाई आज मोठ्या रुग्णालयात मुख्य परिचारिका आहेत. अख्खा मजला त्यांच्या शब्दावर चालतो. डॉक्टरसुद्धा तिथून बूट न वाजवता जातात. तरी मोठे पाऊल उचलण्याआधी त्या भावाला फोन करतात, "कप्तान, निघू का?" पहिल्या नोकरीला निघताना केला, लग्नाआधी केला, आणि त्यांचे यजमान गेल्यावर मुलांना घेऊन नव्या घरी राहायला जातानाही केला. अर्जदार घसा खाकरून म्हणतात, "निघ. मार्ग मोकळा आहे." मग दोन दिवस ते घरात छाती काढून चालतात आणि मला न मागता भाजी चिरून देतात. कप्तानाची खुर्ची मुळात आपली होती हे बहिणीला कळले, तर तो फोन पुन्हा कशाला येईल? हे एकच भय त्यांना खाते आहे. त्यात मधल्या दिरांनी उत्साहाच्या भरात सगळ्यांची तिकिटे काढून ठेवली आहेत.

४. सबब अर्जदारांची विनंती अशी की,

(अ) धाकटी खुर्चीत चढते तो भाग कात्रीने काढून टाकावा. याबाबत ते आपल्या खिडकीवर चौकशी करून आले. तेथील कर्मचारी म्हणाले, "आजोबा, सिनेमा आता संगणकात असतो, कापणार काय?" त्यातले 'आजोबा' त्यांना जास्त लागले.

(ब) ते न जमल्यास नेमक्या त्या वेळी वीज जावी. ही बाब आपल्या सभागृहाला अपरिचित नाही.

(क) तेही न जमल्यास बहिणीच्या पुढच्या खुर्चीवर एखादा धिप्पाड इसम बसवावा. इसम आम्ही देऊ.

(ड) अगदीच नाइलाज झाल्यास, 'या प्रतीत कथा बदलली असून मूळ कप्तान थोरलाच होता' अशी घोषणा आधी व्हावी.

५. इथवर पूर्वरंग झाला. आता उत्तररंग ऐकावा. या मागण्यांचा आपल्या हातचा कच्चा अर्ज टेबलावर ठेवून यजमान केस कापायला गेले, आणि नेमक्या नणंदबाई आल्या. चष्मा चढवून त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला. मी कागद ओढून घ्यायला धावले. त्या मात्र हसत सुटल्या, इतक्या की शेवटी पदराने डोळे पुसावे लागले.

"अगं वहिनी, मी पाहिलाय तो! पोरं लहान होती तेव्हाच. तो थोरला ओकायला लागला, तेव्हा मी अशी हसले की पोरं घाबरली."

मी म्हटले, "वन्सं, मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? नव्या घरी निघाले तेव्हा दारापर्यंत जाऊन तीनदा मागे फिरले मी. 'मार्ग मोकळा आहे' म्हणणारं दुसरं होतं कोण मला?" मग म्हणाल्या, "मला ठाऊक आहे हे त्याला कळू देऊ नकोस. माझ्यासमोर लाजेल गं तो. त्यापेक्षा तूच लिही, त्याला शनिवारी दारातच अडवा म्हणावं."

६. याप्रमाणे एका घरातून दोन विनंत्या झाल्या : बहिणीला दिसू नये, आणि भावाला आत सोडू नये. दोन्ही मान्य केल्या तर चित्रपट फक्त मधले दीर बघतील, आणि त्यांना जुने काही म्हणता काही आठवत नाही. म्हणून वरील अ ते ड रद्द समजावे. चित्रपट अखंड दाखवावा आणि या दोघांना शेजारी बसू द्यावे. धाकटी खुर्चीत चढली की एक गृहस्थ मोठमोठ्याने खोकतील, उगाच वाकून चप्पल शोधतील. त्यांच्या शेजारची बाई तोवर डोळे घट्ट मिटून बसलेली असेल, आणि थोड्या वेळाने जांभई देत सगळ्यांना ऐकू जाईल अशी विचारेल, "दादा, डुलकी लागली रे मला. काय झालं मधे?" ते काय सांगतील ते सांगोत. आपल्या माणसांनी त्यांच्यावर बॅटरी मारू नये, एवढीच आता विनंती.

या अर्जाचे उत्तर घरी पाठवू नये. टपाल अर्जदार उघडतात. आणि साहेब, आपल्याला धाकटी बहीण असेल, तर आज कचेरीतून घरी जाताना तिची आठवण काढावी.

आपली नम्र,
अर्जदारांची पत्नी
(अर्जदारांच्या वतीने, आणि त्यांच्या नकळत)

दिनांक : गुरुवार, ते केस कापून येण्याआधी.