जोझेट डेगल हिला वडिलांच्या सहीविना केंद्रीय अनुदानास पात्र धरण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
विद्यार्थी अर्थसाहाय्य विभाग,
ॲशग्रोव्ह व्हॅली कॉलेज, मेन राज्य, अमेरिका.

अर्जदार: बर्नाडेट ओलेट, वय ६१, मुख्य स्वयंपाकीण, सेंट ओनेझिम शाळा. राहणार चर्च रोड, सेंट ओनेझिम.

दिनांक: ११ ऑगस्ट २०२५

विषय: परिचारिका अभ्यासक्रमाच्या प्रथम वर्षात प्रवेश मिळालेल्या कु. जोझेट डेगल हिला ‘वडिलांवर अवलंबून नसलेली विद्यार्थिनी’ मानून तिच्या केंद्रीय अनुदानाचा फेरविचार होण्याबाबत.

संदर्भ: १) कु. डेगल हिचे दि. ९ जूनचे निवेदन. २) आपले दि. १८ जुलैचे नकारपत्र. ३) दि. २४ जुलै रोजी आपल्या कार्यालयात झालेली भेट.

महोदया,

वरील विषयास अनुसरून मी खाली सही करणारी बाई आपल्यापुढे पुढील हकिगत मांडते. कु. डेगल माझी नात्याने कोणी लागत नाही, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू झाली आहे.

१. जोझेटची आई क्लॉडेट माझ्या हाताखाली शाळेच्या स्वयंपाकघरात सहा वर्षे कामाला होती. जानेवारी २०२० मध्ये ती पोटाच्या कर्करोगाने गेली. तेव्हा मुलगी तेरा वर्षांची होती. वडील श्री. रेनल्ड डेगल हे लाकडाच्या ओंडक्यांचे ट्रक चालवत. माणूस कष्टाळू, बोलायला कमी. बायको गेल्यावर ते आणखी कमी बोलू लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये, बटाट्याच्या काढणीसाठी शाळेला तीन आठवडे सुट्टी असते त्या दिवसांत, ते जोझेटला दोन पिशव्यांसह माझ्या दारात घेऊन आले. मी चुलीवर बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या पोळ्या टाकत होते. ते म्हणाले, “शिकारीचा हंगाम संपेपर्यंत राहू दे हिला. मग येतो.” मी हो म्हटले. हंगाम नोव्हेंबरअखेर संपला. त्यानंतर तसे तीन हंगाम संपले, आता चौथा तोंडावर आला आहे. श्री. डेगल हे सध्या पेनसिल्व्हेनियात असून तिथे त्यांनी दुसरा संसार थाटला आहे, असे कळते. मुलीच्या शिक्षणाकडे, आजारपणाकडे वा वाढदिवसाकडे त्यांनी पाहिलेले नाही.

२. आपल्या नकारपत्रात असे नमूद आहे की, चोवीस वर्षांखालील अविवाहित विद्यार्थ्याला पालकांच्या उत्पन्नाची माहिती व सही द्यावीच लागते, आणि पालकाने केवळ सही नाकारणे हे सवलतीचे कारण होऊ शकत नाही. नियम मी तीन वेळा वाचला. त्याच कागदावर पुढे असेही आहे की, सज्ञान होण्यापूर्वी न्यायालयाने ज्याला दुसरा पालक नेमून दिला असेल, त्याला वडिलांची सही लागत नाही. या ओळीबाबत मला कबुली द्यायची आहे.

एप्रिल २०२२ मध्ये शाळेच्या समुपदेशक बाईंनी मला नेमका हाच न्यायालयाचा फॉर्म आणून दिला होता. म्हणाल्या, “बर्नाडेट, हा भरून टाक, पुढे मुलीच्या उपयोगी पडेल.” मी तो भरला नाही. त्यात एक रकाना होता: ‘पालकांनी मुलास केव्हापासून सोडले आहे?’ पुढे न्यायाधीशांसमोर मुलीलाही हजर करावे लागणार होते. ती त्या वेळी रोज संध्याकाळी खिडकीशी बसून अभ्यास करी, कारण खिडकीतून रस्ता दिसतो. तिच्यादेखत तारीख कशी लिहायची? आज लिहीन, उद्या लिहीन करता करता मार्च २०२४ मध्ये ती अठरा वर्षांची झाली, आणि न्यायालयाचा रस्ता बंद झाला. ही चूक सर्वस्वी माझी आहे. तिची शिक्षा तिला होऊ नये, एवढ्यासाठी हा अर्ज आहे, असे म्हटले तरी चालेल.

३. येथे हेही नम्रपणे निदर्शनास आणते की, तिच्या प्रगतिपुस्तकावर, सहलीच्या परवानगीवर, अक्कलदाढ काढताना दंतवैद्याच्या कागदावर, सगळीकडे पालक म्हणून माझी सही आहे. शाळेने ती घेतली. दंतवैद्याने ती घेऊन मुलीला भूल दिली. कोणीही मला विचारले नाही की तू कोण. अनुदानाच्या फॉर्मवर मात्र माझ्या नावाला जागाच नाही. मी त्यावर शोधली. ‘आई’, ‘वडील’, ‘सावत्र आई’, ‘सावत्र वडील’ एवढेच आहे. त्यातल्या सावत्र आईला, जिने या मुलीला आजवर पाहिलेलेही नाही, तिथे जागा आहे.

४. आता मूळ मुद्दा. आपल्या समितीने नकार दिला तो मुलीच्याच ९ जूनच्या निवेदनाच्या आधारे. निवेदन मी आधी पाहिले नव्हते. नकारपत्रासोबत त्याची प्रत आली, ती मी शाळेच्या स्वयंपाकघरात, उन्हाळी वर्गाच्या मुलांचे जेवण वाढून झाल्यावर उभ्या उभ्या वाचली. त्यात तिने लिहिले होते: ‘माझे वडील कामानिमित्त परगावी असतात. आमचे संबंध चांगले आहेत. त्यांना कागदपत्रांचा कंटाळा आहे.’ अशा मुलीला आपण अपवाद म्हणून कसे धरणार? आपल्या जागी मी असते तर मीही नकारच दिला असता.

घरी जाऊन मी तिला विचारले की हे काय लिहिलेस. माझा आवाज चढला होता, हे मान्य करते. ती मला ‘तांत’ म्हणते; आमच्या खोऱ्यातल्या जुन्या फ्रेंच बोलीत मावशीला तसे म्हणतात. ती शांतपणे म्हणाली, “तांत, मी खोटं नाही लिहिलं. फक्त वाईट लिहिलं नाही.” मी म्हटले, अगं, खरे लिहिले असतेस तर काम झाले असते. त्यावर तिने जे सांगितले ते मला माहीत नव्हते.

५. फेब्रुवारीत तिने वृद्धाश्रमाच्या धुलाईघरातल्या नोकरीचे आयकर विवरणपत्र भरले, तेव्हा ते परत आले. तिचा सरकारी ओळख क्रमांक आधीच दुसऱ्या कोणाच्या विवरणपत्रात ‘माझ्यावर अवलंबून असलेले अपत्य’ म्हणून नोंदलेला होता. म्हणजे श्री. डेगल मुलीला सांभाळत नसले, तरी कागदावर सांभाळत होते. तिने मुकाट्याने स्वतःचे विवरणपत्र त्यांच्याशी जुळेल असे दुरुस्त केले. ती मला म्हणाली, “मी लिहिलं की ते गेले, तर त्यांचा कागद खोटा ठरेल. मग त्यांना पकडतील. माझ्या शिक्षणापायी त्यांना पकडायचं?”

 

६. दि. २४ जुलै रोजी आम्ही दोघी आपल्या कार्यालयात आलो. आपल्या अधिकारी श्रीमती टिबेट्स यांनी आम्हांला पाऊण तास दिला व सौजन्याने वागवले, त्यांच्याविषयी तक्रार नाही. त्यांनी ते विवरणपत्र पाहिले आणि म्हणाल्या की, कागदावर कोणीतरी तुला सांभाळत असल्याचे दिसते. जोझेट माझ्याकडे न पाहता गप्प बसली. तिने विश्वासाने मला सांगितलेली गोष्ट तिच्या परवानगीशिवाय मी कशी बोलणार, म्हणून मीही गप्प बसले. मग श्रीमती टिबेट्स यांनी नियमांत बसतील असे इतर मार्ग वाचून दाखवले: विद्यार्थिनी विवाहित असेल तर, सैन्यात असेल तर, तिला स्वतःचे मूल असेल तर, किंवा तिला चोवीस वर्षे पूर्ण झाली असतील तर. परतीच्या वाटेवर गाडीत जोझेट म्हणाली, “तांत, प्रवेशाची मुदत बावीस ऑगस्ट. मूल काही तोवर होत नाही. नवराच बघ.” आम्ही दोघी हसलो. गाडी मला रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली, एवढ्या हसलो. मग ती हसायची थांबली आणि मी तशीच स्टिअरिंग धरून बसले.

७. ही थट्टा तिथेच थांबायला हवी होती. परंतु माझा भाचा जिल्बेर, वय २३, बटाट्याच्या गोदामात काम करतो, त्याच्या कानावर ती गेली. तो रविवारी धुतलेला सदरा घालून आला आणि माझ्यासमोर जोझेटला म्हणाला, “मी करतो लग्न. कॉलेज संपलं की मोडू. तू वरच्या खोलीत राहा, मी खाली राहीन.” मुलगा सरळ आहे, त्याच्या मनात पाप नव्हते. जोझेटने त्याला लगेच नाही म्हटले नाही. दोन दिवस तिने विचार केला. आणि महोदया, लाज सोडून लिहिते, त्या दोन दिवसांत मीही विचार केला. केक कोणी भाजायचा इथपर्यंत माझी मजल गेली होती. तिसऱ्या दिवशी तिने जिल्बेरला सांगितले की, एक कागद खोटा आहे म्हणून दुसरा खोटा करायला नको. तो मान हलवून गेला. जाताना दाराची सैल झालेली बिजागरी तेवढी घट्ट करून गेला.

८. त्यानंतर तिने वडिलांना फोन केला. मी समोर होते. मला ऐकू यावे म्हणून तिने फोनचा आवाज मोठा ठेवला होता. ती म्हणाली, “पापा, फक्त उत्पन्नाचा आकडा आणि सही पाहिजे. पैसे नको आहेत.” ते म्हणाले की कॉलेजला माझ्या उत्पन्नाशी काय करायचे आहे, आणि तू आता एकोणीस वर्षांची झालीस, माझी जबाबदारी संपली. ती म्हणाली, “मग तेवढंच लिहून द्या.” मग त्यांनी विचारले की यंदा नदीला पाणी किती आहे. तिने सांगितले, कमी आहे. त्यांनी बरे म्हटले आणि फोन ठेवला.

९. समितीला घटना व तारखा लागतात, असे श्रीमती टिबेट्स यांनी सांगितले होते, म्हणून आणखी एक घटना नोंदवते. सोमवार दि. १३ मार्च २०२३ रोजी श्री. डेगल एकदाच गावात आले होते. बर्फावर चालवायची त्यांची गाडी आमच्या शेडमध्ये होती, ती न्यायला. मी त्या दिवशी ताप आल्याने घरी होते. मुलगी शाळेत होती. मी म्हटले, तीनला सुटते, थांबा. ते म्हणाले, “लांब जायचंय. आलो होतो म्हणून तिला सांगू नकोस.” मी सांगितले नाही. संध्याकाळी तिने रिकामी शेड पाहिली असणार, पण तिने विचारले नाही.

१०. हा अर्ज मी काल तिला वाचून दाखवला. तिच्या पाठीमागे पाठवणे मला जमले नसते, आणि तिने नको म्हटले असते तर मी तो फाडणार होते. आयकराच्या परिच्छेदापाशी तिने मला थांबवले, उठून पाणी प्यायली आणि पुढे वाच म्हणाली. मार्चची घटना वाचून झाल्यावर ती म्हणाली, “मला माहीत होतं. ते शाळेसमोर आले होते.” तिने गणिताच्या वर्गाच्या खिडकीतून त्यांचा ट्रक पाहिला होता. मागे ट्रेलरवर बर्फावरची गाडी बांधलेली. ट्रकचे इंजिन चालू होते आणि ते आत बसून शाळेकडे पाहत होते. ती जागेवरून उठली नाही, कारण त्यांना यायचे असेल तर ते येतील असे तिला वाटले. घड्याळ फळ्याच्या वर होते. दहा मिनिटांनी ते गेले.

अडीच वर्षे ही गोष्ट तिने पोटात ठेवली आणि मी माझी ठेवली, आणि आम्ही एकाच टेबलावर जेवत होतो.

ती म्हणाली, “हेही लिही.” मी तिला सांगितले की यामुळे समितीला वाटेल, बापाला माया आहे, संबंध तुटलेले नाहीत, आपलेच नुकसान होईल. ती म्हणाली, “मग होऊ दे. पण लिहायचं तर सगळं लिही.” म्हणून लिहिले आहे. त्याचे वजन कोणत्या पारड्यात टाकायचे ते आपण ठरवावे.

तरी आपणांस कळकळीची विनंती की, आपल्या अधिकारात या प्रकरणाचा फेरविचार व्हावा आणि तो दि. २२ ऑगस्टपूर्वी व्हावा, कारण त्यानंतर तिची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. आयकराच्या बाबतीत आपणांस पुढे काही कळवणे भाग असेल तर आपण कळवालच. ते ओळखूनच आम्ही दोघींनी हा कागद पाठवण्याचे ठरवले आहे. समितीने बोलावल्यास मी कोणत्याही दिवशी अकरानंतर, मुलांचे जेवण लावून, हजर राहीन.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,

(सही)
बर्नाडेट ओलेट

सोबत:
१) शाळेची प्रगतिपुस्तके, पालक म्हणून माझ्या सहीची, तीन वर्षांची.
२) दंतवैद्याच्या संमतिपत्राची प्रत.
३) न्यायालयाचा पालकत्वाचा फॉर्म, एप्रिल २०२२, कोरा.
४) शाळेच्या समुपदेशक बाईंचे पत्र.

विद्यार्थिनीचे निवेदन (स्वहस्ताक्षरात):

वरील मजकूर मला वाचून दाखवला आहे व तो खरा आहे. दि. ९ जूनच्या निवेदनात आमचे संबंध चांगले असल्याचे मी लिहिले होते, ते मी मागे घेते. माझे वडील मला ऑक्टोबर २०२१ मध्ये सोडून गेले. ते दहा मिनिटे थांबले होते, तेवढे मात्र खोडू नये.

जोझेट डेगल