आमच्या गल्लीतील पाचवी शिवन्या

परभणी,
गुरुवार

तीर्थरूप सुलाअक्का यांच्या चरणी धाकट्या बहिणीच्या यजमानाचा, म्हणजे तात्यारावाचा, साष्टांग नमस्कार.

"इकडील सर्व क्षेम आहे" असे या ठिकाणी लिहिण्याची रीत आहे. क्षेम नाही, परंतु रीत मोडणे मला आयुष्यात कधी जमलेले नसल्याने वाक्य लिहून ठेवले आहे, ते आपण वाचून सोडून द्यावे. आपले गुडघे कसे आहेत? आमचे साडू रामकिशनराव यांचा खोकला थांबला का? मागील भेटीत त्यांनी मला धीर देण्यास प्रारंभ केला होता, तो खोकल्यामुळे अर्धाच राहिला. उरलेला धीर त्यांनी सवडीने पाठवावा, घाई नाही. आपण वरचेवर फोन करता आणि मी तो उचलत नाही, याचाही राग नसावा. फोनवर विषयाची नीट मांडणी होत नाही, हे त्याचे एक कारण आहे. (दुसरे योग्य स्थळी येईल.)

माझ्या जेवणाची आबाळ होते का, असे आपण चिरंजीव योगीराजाकडे विचारल्याचे कळले. आबाळ होत नाही. आबाळ होण्यासाठी आधी भूक लागावी लागते. केवळ एक गोष्ट आपल्या कानावर घालतो. विजयमालेचे विरजण (तिच्या नावाआधी 'सौ.' आता लिहिता येत नाही आणि 'कै.' लिहिण्यास हात धजत नाही, म्हणून नुसतेच नाव लिहितो, पत्राच्या शिष्टाचारास ही बाधा आहे, याची मला जाणीव आहे) जे लग्नात तिने सोनपेठहून आपल्या आईकडून गडूत आणले होते आणि इतकी वर्षे एक दिवसही मोडू दिले नव्हते, ते माझ्या ताब्यात आल्यावर आठवडाभरात नासले. मी दूध उकळत असताना विरजण लावले, असे शेजारच्या सुकेशनीबाईंचे मत पडले. त्यांनी वाटीभर दही आणून दिले. मी आभार मानून दुसऱ्याच्या घरचे विरजण नको असे सांगू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "दुसऱ्याचं कुठलं काका? ह्ये काकूचंच हाय. अख्ख्या गल्लीत काकूचंच दही लागायलंय." ते दही मी खाल्ले. आंबट होते. असो.

आता मूळ विषय. आपल्या नातीचे, म्हणजे योगीराज आणि राजेश्री यांच्या कन्येचे, बारसे अद्याप व्हावयाचे आहे. ती ताडकळसला तिच्या आजोळी जन्मली, तेव्हा आमच्या घरात वर्ष सरलेले नव्हते, आणि वर्ष सरेपर्यंत मंगलकार्य नको असा निर्णय मीच दिला होता. (तो कोणी विचारलेला नव्हता.) त्यामुळे लेकरू आजवर बिननावाचेच वाढले. ताडकळसला तिला 'बाळी' म्हणतात, इथे 'ठमी' म्हणतात. ती दोन्हींकडे बघत नाही, यात मला तिची बुद्धी दिसते. वर्षश्राद्ध झाल्यावर योगीराज माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, नाव तुमीच सुचवा." मी वर्षभर घरात कोणाशी फारसे बोललेलो नाही, काहीतरी काम लावले तर हा माणूस बोलेल, असा त्याचा आणि सूनबाईंचा डाव होता. मी तो ओळखला आणि त्यात सापडलो.

माझे आयुष्य कृषी विद्यापीठाच्या बीजोत्पादन विभागात गेले. वाणाची निवड कशी करावी, हे मला शिकवावे लागत नाही. नाव अर्थपूर्ण असावे, उच्चारास शुद्ध असावे आणि आसपासच्या परिसरात दुसऱ्या कोणाचे नसावे, असे तीन निकष मी ठरवले आणि त्यानुसार प्रथम 'ऋतंभरा' सुचवले. आमच्या विहीणबाई छबूबाई त्या दिवशी ताडकळसहून शेवया घेऊन आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावून विचारले, "भाऊ, ह्ये लेकराचं नाव हाय का फवारनीच्या औषधाचं?" मी योगसूत्रातील अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "आसंल. पन दोन झाकनं पंपाला टाकायची का तीन, तेवढं सांगा." त्यानंतर 'हिरण्मयी' सुचवले. ते सर्वांना आवडले, परंतु म्हणता कोणालाच आले नाही. छबूबाई 'हिरनबाई'वर येऊन थांबल्या आणि पुढे जाण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला. 'गोदावरी' या नावावर सूनबाई अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "नाव चांगलं आहे बाबा. पण शाळेत पोरं म्हणतील, आली बघा, पूर आला." सूनबाई मला कधीही उलट बोलत नाहीत. त्यांचे न बोलणेच इतके मुद्देसूद असते की उत्तर देता येत नाही.

शेवटी मी त्यांनाच विचारले, तुमच्या मनात काय आहे? त्यांनी खाली बघत सांगितले, "शिवन्या."

अक्का, मी हताश झालो. हे नाव माझ्याकडील कोणत्याही कोशात नाही. ते नसले तरी एकवेळ चालले असते. परंतु ते सर्वत्र आहे. लग्नात, दवाखान्यात, बँकेत, जेथे म्हणून चार पाळणे हलतात तेथे एक शिवन्या निघते. आमच्याच गल्लीत चार आहेत. मी योगीराजास समोर बसवून समजावले की सगळ्या शिवारात एकच वाण पेरला की पहिली दोन वर्षे बरी जातात आणि मग अळी पडली की ती बांध बघत नाही, सगळ्यांचेच जाते. कपाशीचे काय झाले ते आठव. तो म्हणाला, "बाबा, लेकराला बोंडअळी पडत नसती." यावर माझ्याकडे शास्त्रीय उत्तर होते, पण तो उठून गेला होता.

तथापि पूर्वग्रहाने वाण नाकारणे माझ्या शिस्तीत बसत नाही. चाचणी घ्यावी, असे मी ठरवले. सायंकाळी, पोरे अंगणात असतात त्या वेळी, मी फाटकाशी उभा राहिलो आणि स्पष्ट, मध्यम आवाजात एकदाच पुकारले, "शिवन्या!" गिरणीवाल्यांची शिवन्या धावत आली. पाठोपाठ घाऱ्या डोळ्यांची आली. सुकेशनीबाईंची आली, तिचे पुढचे दात पडले असल्याने ती स्वतःचे नाव 'फिवन्या' सांगते. चौथीच्या ऐवजी तिची आजी आली आणि म्हणाली, "आमची शिवन्या मामाच्या गावाला गेली हाय. काय निरोप हाय का?" तोवर सुकेशनीबाई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या.

"काय केलं काका हिनं? पेरू तोडला का?"

"काहीही नाही. मी केवळ नावाची चाचणी घेत होतो."

"म्हनजे?"

"नाव पुकारल्यावर काय होते, ते पाहत होतो."

"मंग काय होनार? आली की ती!"

मुलींना बोलावून रिकाम्या हाताने परत पाठवणे अशोभनीय, म्हणून घरात शोध घेतला. देवापुढील खडीसाखर सापडली, ती दिली. ही माझी चूक झाली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिघी फाटकापाशी रांगेत उभ्या. "आजोबा, आज न्हाई का बोलवायचं?" मी म्हणालो, चाचणी पूर्ण झाली. घारी म्हणाली, "अजून एकदा करा की." तेव्हापासून मी रोज सायंकाळी एकदा पुकारतो आणि चिंचेच्या गोळ्या वाटतो. मामाच्या गावाहून चौथीही परतली आहे. विजयमालेच्या पेरूवर आता कच्चे फळही टिकत नाही. तिने हे चालू दिले नसते. तिने पिकू दिले असते आणि मग दुप्पट वाटले असते. घरात गलका होतो, ओसरीवर चिखलाची पावले उमटतात, आणि मी रोज त्यांना ताकीद देण्याचे ठरवून गोळ्यांची बरणी उघडतो.

पुढचा भाग लिहावा की नाही, याचा मी बराच विचार केला. आमच्या विभागात नव्या वाणाची चाचणी घेताना शेजारी एक जुना, माहितीतला वाण तुलनेसाठी लावावाच लागतो. त्याशिवाय निष्कर्ष ग्राह्य धरत नाहीत. परवा मला आठवले की मी तुलना घेतलेलीच नाही. मुली पेरूवर होत्या. मी फाटकाशी गेलो, आणि तितक्याच स्पष्ट, तितक्याच मध्यम आवाजात पुकारले, "विजयमाला!"

कोणीही आले नाही.

हा निष्कर्ष अपेक्षितच होता. सबंध परभणीत या नावाची दुसरी स्त्री मला आढळलेली नाही, आणि याचा मला सदैव अभिमान वाटत आला. नाव असावे तर असे, एकटे, कोणाशी न मिसळणारे, असे मी चारचौघांत सांगत असे. आता त्या नावाला ओ देणारे कोणी उरले नाही. हाक गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि माझी मलाच ऐकू आली. मला फाटकाचा आधार घ्यावा लागला. (बारशासाठी फाटकाला त्याच दुपारी तेलरंग दिलेला होता. दोन्ही तळवे, सदरा आणि, कपाळ टेकवल्यामुळे, कपाळ हिरवे झाले. वरच्या गजावर माझ्या बोटांचे ठसे आहेत. रंगारी ते पुसायला निघाला, मीच नको म्हटले.)

सुकेशनीबाई घासलेटची बाटली आणि चिंधी घेऊन आल्या. त्यांनी हाक ऐकली होती. परंतु तसे दाखवले नाही. कपाळ पुसून घ्या म्हणाल्या, आणि विषय बदलावा म्हणून त्यांनी विचारले, ठमीचं नाव काय ठरलं? मी सांगितले की सूनबाईंची इच्छा शिवन्या अशी आहे. परंतु ती गल्लीतील पाचवी होईल, आणि कोणास हाक मारली हे कोणासच कळणार नाही.

"का न्हाई कळनार? ही गिरनीची शिवन्या, ती घारी शिवन्या, ती आजीची शिवन्या, आन ही माझी फिवन्या."

"आणि आमची?"

"तुमची म्हनजे विजयमालाकाकूची शिवन्या. दुसरं काय म्हननार? पोरी तर आत्तापसूनच तिला काकूची ठमी म्हनायल्यात."

अक्का, मी चिंधी हातात धरून उभा राहिलो. नाव दुर्मीळ असते, तर तिला कोणी काही जोडले नसते. ऋतंभरा ही केवळ ऋतंभराच राहिली असती. शिवन्या चिक्कार आहेत, म्हणूनच आमच्या शिवन्येस ओळखण्यासाठी गल्लीला रोज, शाळेत जाताना, खेळताना, भांडताना, पेरू चोरताना, विजयमालेचे नाव घ्यावे लागणार. हे माझ्या निकषांत कोठेही नव्हते. मी घरात जाऊन नावास संमती दिली. योगीराजाने कारण विचारले तेव्हा 'बहुमताचा आदर' असे सांगितले. तो माझ्या हिरव्या कपाळाकडे बघत होता. सूनबाई आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. त्यांचे डोळे लाल होते. माझ्या अंगाला घासलेटचा वास येत असल्याने तसे झाले असावे.

तरी या नावाविषयी आपले मत कळवावे, इतक्यासाठीच हे पत्र. बारसे येत्या रविवारी सकाळी आमच्याच घरी आहे. आपल्या गुडघ्यांमुळे प्रवास होणार नाही, हे मी समजू शकतो. येण्याचा आग्रह नाही. रामकिशनरावांना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
तात्याराव

ता. क. : वरील 'आग्रह नाही' हे वाक्य मागे घेतो. यावे. सोनपेठहून सकाळची पहिली एसटी वेळेवर पोहोचते. स्थानकावर योगीराज गाडी घेऊन उभा राहील.

ता. क. दुसरे : योगीराजास बहीण नाही, त्यामुळे लेकराच्या कानात नाव सांगण्यास सख्खी आत्या नाही. माझी पुतणी सविता हिला बसवावे असे ठरले होते. तिचा आवाज मोंढ्यात लिलाव पुकारण्याच्या योग्यतेचा आहे. तेव्हा आत्याच्या जागी आपण बसावे, अशी विनंती आहे. आजीची मोठी बहीण आत्या होऊ शकत नाही, हे मला ठाऊक आहे. आयुष्यभर मी असल्या गोष्टींवरून लोकांना अडवले आहे. शास्त्रात यास मनाई आढळली नाही. (मी पाहिले नाही.) नाव सांगताच बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ते हळू घालावेत असे मी छबूबाईंना बजावले आहे. त्यांनी "बगू" म्हटले आहे.

ता. क. तिसरे : फोन न उचलण्याचे दुसरे कारण लिहितो म्हणालो होतो. आपला आणि विजयमालेचा आवाज एकच आहे. ती असताना याचा मला त्रासच झाला. एकदा मी तिला समजून आपल्यालाच तुरीची डाळ संपल्याबद्दल फोनवर खडसावले होते, आणि आपण निमूटपणे "आणते" म्हणाला होतात. लेकराच्या कानात त्याचे नाव पहिल्यांदा त्या आवाजात जावे, एवढीच माझी इच्छा आहे. हे योगीराजास सांगू नये.

ता. क. शेवटचे : उत्तर पत्रानेच द्यावे, फोन करू नये. रविवारपर्यंत आपले उत्तर इथे पोहोचणार नाही, हे आत्ता लक्षात आले. तेव्हा फोन केलात तरी चालेल, या वेळी उचलीन. फक्त 'हॅलो' म्हटल्यावर लगेच पुढे बोलू नये. थोडे थांबावे.