बाजूनं चालायचं नाही

३ डिसें.
आज पाच जणांना चालवलं. अख्ख्या बुलढाण्यात मी ‘चालवणाऱ्या मॅडम’. फुप्फुसं आतून कडक होत चाललेली माणसं. दवाखान्याचा तीस मीटरचा पॅसेज, दोन टोकांना दोन स्टूल, सहा मिनिटं. किती अंतर चालले त्यावरून आजार कितपत वाढलाय ते कळतं, पुढचा अंदाजही येतो. नियम: मागून चालायचं, बाजूनं नाही. गप्पा नाहीत. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य तेवढं.
खोलीवर आल्यावर लक्षात आलं, दिवसभरात ‘छान चाललंय, चार मिनिटं राहिली’ याखेरीज कोणाशी धड बोलले नाही. आई असती तर म्हणाली असती, बरंच झालं, तेवढीच तोंडाला विश्रांती.

११ डिसें.
देऊळघाटचे रहीमचाचा. जन्मभर गाद्यांचा कापूस पिंजला, आता घरात एकटेच. सप्टेंबरात २७० मी. आज त्याहून घटले असते तर डॉक्टर सर नवी गोळी सुरू करणार होते. आजार बरा करत नाही, पण थोपवते.
दुसऱ्या फेरीत चाचा काहीतरी बोलले. आवाज इतका खोल की ऐकायला पुढं झाले.
“एकटीच राह्यतं का बेटी?”
हो म्हटलं. मग तिथंच राहिले, त्यांच्या बाजूला. फोमच्या गादीवर झोपते म्हटल्यावर, “तरीच तुयं तोंड असं उतरेल दिसते!” हसले मी. शेवटपर्यंत बोलत होतो. ३३० मी.!!
सर खूश. “स्थिर आहेत. गोळी आत्ता नको. तीन महिन्यांनी बघू.”
बऱ्याच दिवसांनी दिवस बरा गेला.

१२ डिसें.
भांडी घासता घासता डोक्यात उजेड पडला. काल वेग माझा होता. म्हातारा माणूस गप्पांच्या नादात माझ्या बरोबरीनं ओढत राहिला स्वतःला. ते ३३० त्यांच्या फुप्फुसांचे नाहीतच. अठरा वर्षं हे काम करते, नव्या पोरींना नियम मीच शिकवते. गाढव.
आई गेल्यापासून कोणाच्या बाजूनं चाललेच नव्हते. बरं वाटलं म्हणून चालले. दुसरं काही कारण नाही.

१५ डिसें.
सांगितलं नाही. सरांच्या केबिनपर्यंत दोनदा गेले, दोन्ही वेळा पाणी पिऊन परत. भीती वाटते, आणि लाजही. तिकडे चाचांचा एकेक दिवस गोळीविना...

१६ डिसें.
सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
“ताई, हा आकडा म्हणजे शाबासकी नाही. त्यांचं पुढं काय, ते यावरून ठरवतो आपण. बोलवा परत.”
ओरडले असते तर सोपं गेलं असतं.
चाचांना फोन.
“परत? पास झाल्तो न मी?”
“माझी चूक झाली, चाचा.”
“तुयी चूक अन् चालू मी?” हसले. हसता हसता खोकला. तो थांबेपर्यंत फोन कानाला धरून उभी.

२० डिसें.
चाचा आले. इस्त्रीचा कुडता, हातात पिशवी. पिशवीत उशी, कापसाची. “फोमवर झोपतं न तू.” कापसाची धूळ फुप्फुसांत जाते म्हणून त्याला हात लावायची त्यांना सक्त मनाई आहे. रागवायला हवं होतं. घेतली.
मग मागं उभी राहिले.
पहिली फेरी बरी. दुसरीत मान वळवून पाहिलं. तिसरीत थांबलेच, भिंतीला हात लावून.
“काऊन मागं राह्यली बेटी? ये न.”
“छान चाललंय, चाचा. चार मिनिटं राहिली.”
माझाच आवाज मला ऐकवेना. घड्याळ थांबवायचं नसतं, थांबवलं नाही. थोड्या वेळानं चाचा निघाले, मान खाली. परत एकदाही मागं पाहिलं नाही.
१८० मी.
यातलं किती फुप्फुसांचं, किती माझं? कागदावर त्याला जागा नाही. सर उद्या बघतील. गोळी बहुतेक सुरू होईल. उशीर झाला का, ते सरही सांगणार नाहीत.
फाटकापर्यंत त्यांच्या बाजूनं चालले. अगदी हळू, त्यांच्या वेगानं. रिक्षात बसल्यावर म्हणाले, “पुढच्या टाइमले तूच राहशीन न?”
“मीच.”
पुढची वेळ तीन महिन्यांनी; तोवर काय होईल, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.