वरची पट्टी

तात्या, मी सही करणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. कुठलाही कागद हातात आला की तुम्ही आधी शेवटचं पान बघायचात, कुणी सही केलीय आणि कुणी अंगठा दिलाय ते, आणि मगच पहिल्या ओळीकडे वळायचात. तुमची ती खोड माझ्यात उतरली आहे, म्हणून शेवट वर घेतला.

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, आईला दीड. आई गेल्यावर आपल्या सातबाऱ्यावर दोनच नावं उरली, धाकट्याचं आणि माझं. गेल्या आठवड्यात धाकट्याने व्हॉट्सअॅपवर एक मसुदा पाठवला. मी रानातला माझा सगळा हक्क सोडते, आणि त्या हक्कसोडीवर माझ्या वतीने सही करायचा अधिकार गावातल्या एका माणसाला देते, असं कुलमुखत्यारपत्र. इथल्या कॉन्सुलेटच्या केंद्रात जाऊन शिक्का मारून घ्यायचा आणि कुरिअर करायचं, एवढंच माझं काम. खाली त्याने लिहिलं होतं, "ताई, फक्त फॉर्मॅलिटी आहे. उतारा क्लिअर झाला की बरं." शेजारी हात जोडलेलं चित्र. सोमवारची अपॉइंटमेंटही मी घेऊन टाकली होती. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मलासुद्धा ती फॉर्मॅलिटीच वाटत होती. बावीस वर्षं दुबईत काढलेल्या बाईला डोंगरातल्या नाचणीच्या रानाचं काय करायचंय? ह्यांनी तर एका वाक्यात निकाल लावला, "अगं, यल्ला, सही कर आणि खलास कर विषय. तिथे जाऊन राहणार कोण आहे?" लेक सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "ममा, यू डोन्ट इव्हन गो देअर." दोघंही खरंच बोलत होते, म्हणून जास्त राग आला.

आज शनिवार आहे. अल कुसैसच्या आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या टेबलावर बसून लिहिते आहे. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, वरण उतरवून ठेवलं. याच टेबलाशी अकरा वर्षं एक बाई माझ्यासमोर बसून चहा प्यायली, तिची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर मला हे खूळ कुठून लागलं ते तुम्हाला कळायचं नाही. ती जावाची. इंडोनेशियातलं बेट आहे ते. लेक दोन वर्षांची असताना ती आमच्याकडे कामाला आली. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला मबाक म्हणतात, म्हणून लेक तिला मबाक म्हणायची आणि मग आम्ही सगळेच. तिचं गाव ज्वालामुखीच्या उतारावर, ढगांच्या वर. तिथे भात होत नाही. बटाटा, कोबी, कांद्याची पात. पहिल्याच वर्षी बटाटे सोलता सोलता ती मला म्हणाली होती, "मॅडम, मेरा भी खेत है उधर. आलू वाला." मला वाटलं नवऱ्याचं असेल. "नहीं मॅडम, मेरा. मम्मा देगी. हमारे गाव में लडका-लडकी सेम-सेम." मी हसले होते. आपल्याकडेही कायद्याच्या पुस्तकात सेम-सेमच आहे, असं काहीतरी म्हणाले असेन.

तेव्हा मला आठवायला हवा होता तो दिवस आठवला नाही. मी चौथीत आहे. मे महिन्याची सुट्टी आहे आणि तुम्ही मला मोजणीला घेऊन गेला आहात. साखळीचं एक टोक माझ्या हातात आहे, दुसरं तुमच्या. डोंगरउताराचं रान. तुम्ही ओरडता, "आडवी धर! टेकवू नको जमिनीला!" उतारावर साखळी जमिनीला टेकवून मोजली की जमीन जास्त भरते, आणि सरकारच्या कागदावर जमीन नेहमी सपाट असते, हे तुम्ही मला त्या दिवशी शिकवलंत. साखळी डोक्याइतकी वर धरून माझे दंड भरून आले आहेत. टोकाशी तुमचा पितळी ओळंबा लोंबतो आहे आणि तो स्थिर होईपर्यंत मी श्वास धरून उभी आहे. दोन भावांची जमीन आहे ती, आणि त्यांची विधवा बहीण लांब आंब्याखाली उभी आहे, कारण तिसरा वाटा तिने मागितला आहे. तुम्ही कुणाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. भाकरी आणि पाण्याचा तांब्या घरून आणलेला, उद्या कुणी म्हणायला नको की मोजणीदार अमक्याच्या मिठाला जागला. तिचा वाटा तुम्ही तसूभरही कमी काढला नाहीत. गावातल्या बायका तिला ऐकू जाईल अशा बेताने काय काय बोलत होत्या, ते मी इथे लिहीत नाही.

परत येताना मी सायकलच्या दांडीवर बसून विचारलं, "तात्या, आपल्या रानातली माझी पट्टी कुठली?" तुम्ही सायकल थांबवलीत. मला खाली उतरवलंत. "परत असं विचारायचं नाही. लेकीला माहेर असतं, रान नसतं." आणि घर येईपर्यंत चालवत नेलंत मला, तुम्ही सायकल हातात धरून पुढे, मी मागे. तात्या, मला मारलं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्याच्या बहिणीला तिचा वाटा इंचाइंचाने मोजून देणारा माणूस स्वतःच्या लेकीला असं कसं म्हणतो, ते मला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही कळलेलं नाही. लग्नात पाठवणीच्या वेळी तुम्ही तोच ओळंबा रुमालात बांधून माझ्या पेटीत टाकलात. "याचं मी काय करू?" म्हटलं तर "असू दे" म्हणालात. तो इथे चमच्यांच्या खणात आहे. पाहुणे विचारतात तर सांगते, वडिलांचा आहे.

मबाक कायमची परत गेली तेव्हा तिच्याबरोबर मी आठ दिवस तिच्या गावी गेले. ह्यांना वाटलं मला भटकायची हौस आली. हौस होती, पण अकरा वर्षं माझं घर सांभाळलेल्या बाईला विमानतळावर टाटा करून सोडून देणं मला जमेना. काय गाव आहे तात्या! इतका उभा उतार की कोबीच्या वाफ्यात उभं राहिलं तर वरच्या वाफ्यातल्या माणसाचे पाय आपल्या डोळ्यांसमोर. सकाळी धुकं आणि शेणखताचा वास, अगदी आपल्या घाटमाथ्यासारखं. घरं लाकडी फळ्यांची. आणि तिथे घर वेगळं, जमीन वेगळी! एका शेजाऱ्याने आपलं घर खोलून खालच्या आळीत नेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. वीस-पंचवीस माणसं फळ्या, वासे, कौलं खांद्यावर घेऊन चालली होती. मजुरी नाही, फक्त जेवण, आपल्या इर्जिकीसारखं. पाहुण्यालाही बाहेरच्या खोलीत ताटकळत ठेवत नाहीत, सरळ चुलीपाशी नेऊन बसवतात.

मबाकच्या आईने तिची वाट पाहत वाटणी थांबवली होती. ऐंशीची म्हातारी, हातात कुदळ घेऊन धड उभी. त्यांच्याकडे आईबाप जिवंतपणीच वाटून मोकळे होतात. दोन मुलगे आणि मधली ही मुलगी, तिघं चुलीपाशी वयाच्या क्रमाने बसली. मधल्या पाटावर मबाक बसली तेव्हा कुणी एकमेकांकडे पाहिलं नाही, कुणी खाकरलं नाही. मग सगळे रानात गेलो. म्हातारी कुदळीने दाखवत गेली, हे थोरल्याचं, हे मधलीचं, हे धाकट्याचं. झालं. ना साखळी, ना मोजणी! माझ्यातली मोजणीदाराची पोर जागी झाली. मी दोरी मागितली. ओळंबा दुबईत राहिला होता, म्हणून दोरीच्या टोकाला दगड बांधला, थोरल्याच्या मुलाला दुसरं टोक दिलं, आणि "आडवी धर!" म्हणून त्याच्यावर मराठीत ओरडत तिन्ही वाटे मोजून काढले. दीड तास. मबाकचा वाटा थोरल्याच्या निम्म्याहून थोडा जास्त भरला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "मबाक, इन्होंने तुमको कम दिया!"

मबाकचं तोंड उतरलं, पण तिने माझं बोलणं आईला त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हातारी इतकी हसली की कुदळीचा आधार घेऊन खाली बसली. मग मला हाताला धरून मबाकच्या वाफ्यात नेलं आणि माती उकरायला लावली. कोपरापर्यंत हात गेला माझा, काळी भुसभुशीत माती. नंतर थोरल्याच्या वाट्यात. तिथे वितीवर दगड लागला. "मम्मा बोलती," मबाक हळूच म्हणाली, "मॅडम का रस्सी अच्छा है, लेकिन रस्सी को मिट्टी का मालूम नहीं." ती माणसं वाटा मोजतात तो किती टोपल्या बटाटा निघतो त्यावर, आणि टोपल्या तिघांच्याही सारख्याच निघायच्या. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत दगडाळ रान ज्याच्या वाट्याला आलं होतं, ज्याला मी आत्ताच चोर ठरवलं होतं, त्या थोरल्यानेच संध्याकाळी चुलीपाशी मला कॉफी आणून दिली. तुम्हीही तिथे असतात तर अगदी माझ्यासारखंच मोजलं असतंत, तात्या, आणि माझ्यासारखेच चुकला असतात.

एक वाफा म्हातारीने स्वतःसाठी ठेवला होता. शेवटपर्यंत जो सांभाळेल त्याचा तो, असा त्यांचा रिवाज आहे. त्या संध्याकाळी कुणी विचारलेलं नसताना मबाक म्हणाली की तो वाफा धाकट्याचा, कारण आपण परदेशात असताना त्याने आणि त्याच्या बायकोने आईचं केलं. आपला वाटा तिने मान खाली न घालता घेतला होता, आणि जो आपला नव्हता तो तितक्याच सहज दिला.

परवा मी आपल्या धाकट्याला फोन केला. म्हटलं, "घर तुझं. विहिरीजवळचं सगळं रान तुझं. तात्यांचं आणि आईचं तू आणि वैनीने केलंत, मी वर्षातून दहा दिवस पाहुणी म्हणून यायचे. त्याच्यावर मी हक्क सांगणार नाही. पण वरची पट्टी माझ्या नावावर राहील. हक्कसोड नाही, वाटणीपत्र करायचं." तो आधी हसला. "ताई, वरच्या पट्टीत आहे काय? दगड आणि करवंदीच्या जाळ्या."

"मग दे की."

"अगं पण गावात लोक काय म्हणतील? बहिणीने वाटा घेतला म्हणतील. माहेर तोडायला निघालीस का?"

"मी कुठे तोडतेय? राखी पाठवणार आहे, दरवर्षीसारखी. दिवाळीला येणार आहे. तू दार लावलंस तर मात्र ते तू तोडलेलं असेल."

तो म्हणाला, "तात्या असते तर त्यांना हे चाललं असतं का?" आणि फोन ठेवला. दोन दिवस झाले, त्याचा फोन नाही. मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय. लहानपणी तापात तो माझाच हात धरून झोपायचा. पण माझं मन बदललेलं नाही.

त्याचा प्रश्न त्याने मला विचारला, तो खरा तुमच्यासाठी होता, म्हणून हे सगळं लिहिलं. चाललं नसतं तुम्हाला, मला माहीत आहे. पण त्या आंब्याखालच्या बाईचा वाटाही गावाला चालला नव्हता, आणि तरी तुम्ही तो पुरता मोजून दिलात. सोमवारी मी केंद्रात जाणार, अपॉइंटमेंट रद्द करणार नाही. फक्त कागद त्याचा नाही, माझा असेल. कालच एका वकिलाकडून नवा मसुदा करून घेतला, हक्कसोडीचा नाही, वाटणीपत्रापुरत्या कुलमुखत्यारपत्राचा. लेकीने तो वाचला आणि विचारलं, "सो वन डे इट्स माइन?" मी म्हटलं, "तुझी पट्टी कुठली ते तुला मी स्वतः नेऊन दाखवेन." ह्यांनी पेपरमधून डोकं काढून आमच्याकडे पाहिलं आणि परत आत घातलं.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी घालून चमच्यांच्या खणात ओळंब्याखाली ठेवीन. धाकट्याला दाखवणार नाही, कारण एक गोष्ट त्यालाही माहीत नाही. त्याला वाटतं हे खूळ मला जावात लागलं, आणि वर तुम्हालाही मी तेच सांगून बसले. तसं नाही, तात्या. तुमच्या तेराव्याला, पुरुषांची पंगत बसली होती आणि आई आत बायकांच्यात होती, तेव्हा मी मागच्या दाराने निघून डोंगर चढले आणि वरची पट्टी पावलांनी मोजून आले. एकशे अठरा पावलं लांब, एकेचाळीस रुंद. सतरा वर्षं हे आकडे मला पाठ आहेत. उतारावरची पावलं आहेत, जमिनीला टेकवूनच मोजली, तेव्हा थोडी जास्तच भरली असतील. तेवढी तुम्ही वजा करून घ्या.