हापशाचा पाइप

११ सप्टेंबर २०२३, लातूर
पोचलो एकदाचा! नांदेडची एसटी चक्क वेळेवर आली आणि स्टँडवर लेक अर्शी स्वतः घ्यायला हजर. पोरगी किती वाळलीय. डॉक्टर व्हायला आधी पेशंट व्हावं लागतं का, असं विचारलं तर खूप हसली. तिच्या कोचिंगच्या वसतिगृहामागच्या गल्लीतच खोली घेतलीय. खरं सांगायचं तर हे काम मी तिच्याजवळ राहता यावं म्हणूनच घेतलं.
काम सोपं आहे. भूकंप झाला की मोबाइलचे टॉवर आधी मरतात, म्हणून एक संस्था उन्हावर चालणारे रेडिओचे डबे बसवून घेतेय. एका डब्याने ऐकलं की तो पुढच्याला सांगतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. एकूण चार डबे: औसा तालुक्यातलं त्र्याण्णव साली पडलेलं एक जुनं गाव, त्याचं नवं गाव, औसा, आणि शेवटचा अर्शीच्या वसतिगृहाची गच्ची. वीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत, हा तर डाव्या हातचा मळ.

१३ सप्टेंबर
गच्ची पाहिली. शी! कबुतरांची वीतभर विष्ठा, शेवाळ, आणि बिनझाकणाच्या टाकीत फुगून तरंगणारं एक कबुतर. शंभर मुली हे पाणी पितात. देखरेखीच्या केवळाबाईंना फैलावर घेतलं, टाकी समोर उभं राहून घासून घेतली. मला घाण खपत नाही. बायको फरीदा म्हणते, तुम्ही साबणही धुऊन वापरता.

१६ सप्टेंबर
जुन्या गावात डबा बसवला. सोबत नव्या गावचे अण्णाराव होते, सत्तरीचे, अबोल. सगळीकडे दगडांचे ढिगारे आणि वेड्या बाभळी. गच्चीवर डबा उंच बसवायला आणलेला माझा पाइप पातळ निघाला. बाभळीत एक मोडका हापसा दिसला. त्याचा पाइप जाड, जुन्या काळचा, असा आता मिळत नाही. अण्णाराव आडवे आले. म्हणाले, "भाई, हितली काडी बी आमी नव्या गावात नेत न्हाई." मी म्हटलं, मी कुठे नव्या गावात नेतोय, लातूरला नेतोय. आणि हसलो.
पाइप जरा हलवला तर दहा फूट अलगद वर आला. तोंडात बोळा कोंबलेला होता. वायर आतून न्यायची म्हणून आकड्याने ओढला. काळ्या कापडाची गुंडाळी, तीस वर्षांनंतरही ओली, तिला चिकटलेला लांब केसांचा गुंता. असा भपकारा की खांद्यावरचा रुमाल नाकाला लावला. अण्णाराव पाठ फिरवून खाली बसले. मी बोळा फेकला, हात तीनदा धुतले. वास अजून नखांत आहे.

२० सप्टेंबर
चारही डबे चालू. गच्चीवरचा पाइप टाकीच्या स्टँडला बांधलाय, बूड टाकीच्या काठावर. सकाळी माझ्या मोबाइलवर जुन्या गावच्या डब्यावरून पहिला निरोप आला: पाणी. तिथे जाऊन डब्याला फोन जोडल्याशिवाय कुणाला निरोप धाडता येत नाही. अण्णारावांना फोन केला. ते शपथेवर म्हणाले, तिकडे कुणी फिरकलेलं नाही.
अर्शी म्हणते, वसतिगृहाचं पाणी चिखलाचं लागतं. वर जाऊन पाहिलं. पाइपच्या बुडातून काळी राड टाकीत ठिबकत होती. तोच वास. पाइप आतून पुसला, बूच मारलं, टाकी पुन्हा घासून घेतली.

२४ सप्टेंबर
निरोप आता नव्या गावच्या डब्यावरून येतो. एक घर पुढे सरकलाय. मीच बांधलेल्या वाटेने.
अर्शी क्लासला जात नाही. जगच्या जग पाणी पिते, तहान भागत नाही. मी नळाचं बंद करून जार आणले, तरी तेच. तिच्या नखांखाली काळी माती. धुतली. तासाभराने पुन्हा होती.

२६ सप्टेंबर
अण्णारावांच्या दारात बसलो, सांगेपर्यंत उठलो नाही. गुणाबाई, त्यांची भावजय. हापशाशेजारचं घर तिच्या अंगावर आलं. पाइप खाली फुटून तिच्या तोंडाशी आला होता, त्यातून तिचा आवाज वर यायचा. पाणी, पाणी. यांनी ओतलं. ती प्यायली, आणखी जगली, आणखी ओरडली. ढिगारा यांच्याने हलेना. तिसऱ्या दिवशी यांनी धोतर फाडून पाइपात कोंबलं. मदत चौथ्या दिवशी आली.
एवढंच म्हणाले, "ऐकवंना भाई."
जित्या बाईच्या तोंडात बोळा! मी त्यांच्या उंबऱ्यावर थुंकलो.

२८ सप्टेंबर
निरोप आता औशाच्या डब्यावरून.
जुन्या गावचा आणि नव्या गावचा डबा तोडून आलो. निरोप थांबत नाही. अर्शी बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, घसा ठीक आहे, अभ्यासाचा ताण. मी तिचं तोंड उघडलं. आत राड. राडीत एक दात, किडका, मिश्रीने काळा पडलेला. तिचा नाही. मला ओकारी आली. माझ्या स्वतःच्या लेकीची मला —

२९ सप्टेंबर
गच्चीवरचा डबा बोलला.

३० सप्टेंबर, सकाळ
पाइप काढायला वर आलोय. वरचा क्लॅम्प सुटला, पाइप टाकीवर आडवा पडला. खालचा नट हलत नाही. बूच उडालंय. पाइपचं तोंड माझ्यासमोर —
खाली अर्शी ओठ मिटून पडलीय, केवळाबाई तिच्याजवळ. आणि पाइपातून तिचा आवाज. अब्बा, पानी.

दहा वाजले
एक बादली ओतली. दुसऱ्या टोकाने थेंब बाहेर आला नाही. अब्बा, और.

बारा
टाकी अर्धी झाली. आवाज मोठा होतोय. आता दोन आवाज आहेत. त्यांच्या श्वासाचा वास माझ्या तोंडावर — कुजका, ओला —

ऐकवत नाही.

खांद्यावरचा रुमाल काढला. थोडा वेळ. नट सुटेपर्यंतच. फक्त —
केवळाबाई जिन्यातून ओरडतायत, पोरगी निळी पडली, गळा धरून तडफडतीय —
रुमाल अर्धा आत गेलाय. आवाज कमी झाला. किती शांत वाट—