वाळवी उपसमितीच्या अध्यक्षाचं पत्र

वर्तकनगर, ठाणे
रविवार, ११ मे

आदरणीय जाईआक्का,

सविनय जयभीम. मी इकडे बरा आहे, तूही डोंबिवलीत बरी असशील असं लिहिणार होतो. पण परवा फोनवर तुझ्यापेक्षा तुझा गुडघाच जास्त बोलत होता. शिवाय "आता माझे किती दिवस राहिले, बाबू" हे तुझं पालुपद आहेच. (गेली आठ वर्षं तेवढेच राहिलेत, कमी होत नाहीत.) तुझ्या सम्यकने आणलेली खुर्ची बुटकी आहे, बसलं की उठवायला माणूस लागतो, हेही कळलं. त्या खुर्चीवरूनच हे पत्र लिहायचं सुचलं. फोन मुद्दाम करत नाही, कारण फोनवर तू मध्येच "नाही" म्हणतेस आणि पत्रात ती सोय नसते.

आपल्या सोसायटीतला फणस गेल्या मेमधल्या वादळात पडला, ते तुला कळवलं होतंच. लग्नाच्या आदल्या वर्षी तू आठळी पुरलीस आणि डालड्याच्या डब्याने पाणी घालून वाढवलास, तोच. पडतानाही बिचारा दोन मोटारींच्या मधोमध अंग चोरून पडला. चीक गळतो म्हणून ज्यांनी वीस वर्षं त्याच्याविरुद्ध अर्ज केले, त्यांनीच सर्वांआधी ग्रुपवर श्रद्धांजली वाहिली. मी मात्र मीटिंगमध्ये उभा राहून सांगितलं, की वागळे इस्टेटच्या फाउंड्रीत तेहतीस वर्षं लाकडाचे साचे केलेत, हे उत्तम पिवळं लाकूड आहे, सरपणात घालू नका. फळ्या काढू, वाळवू, बागेत बाक करू आणि उरलेल्यातून एक उंच खुर्ची माझ्या बहिणीला. ठराव पास झाला. खुर्चीला तर टाळ्याही पडल्या (तेवढ्यात चहा आला होता).

घोडं अडलं ते वाळवायला किती वेळ लागणार यावर. मी म्हटलं, इंचाला एक वर्ष, आणि आपल्या फळ्या दोन इंची. सेक्रेटरी देवेश दचकला. त्याची मुदत मार्चमध्ये संपत होती. लगेच 'लाकूड वाळवण उपसमिती' नेमली गेली, अध्यक्ष मी. देवेशने इतिवृत्त मोबाइलवर लिहिलं आणि मोबाइलने स्वतःची अक्कल चालवून 'वाळवण'चं 'वाळवी' केलं. पुढच्या सभेत ते वाचून, म्हणजे न वाचता, कायम झालं. मी चूक दाखवली तर म्हणे, कायम झालेलं इतिवृत्त बदलायला वार्षिक सभा लागते. तोवर शिक्का बनून आला, लेटरहेडही छापून आलं. तर आक्का, तुझा भाऊ वर्षभर वाळवी उपसमितीचा अध्यक्ष आहे.

वखारीत ओंडका करवतीवर चढवला आणि पहिल्याच फेरीत पातं किंचाळलं. बुंध्यातून एकतीस खिळे निघाले. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, शिकवण्यांच्या जाहिरातींचे; आणि सर्वांत लांब, चार इंची खिळा होता 'झाडे जगवा' या पाटीचा. वखारवाल्याने विचारलं, "काका, हे झाड होतं का नोटीस बोर्ड?" तरी अकरा फळ्या निघाल्या. मी त्यांच्या टोकांना रंग फासला, गच्चीवर पत्र्याच्या सावलीत त्या रचल्या, वारा खेळावा म्हणून थराथरांत पट्ट्या ठेवल्या आणि वर पाटी लावली : 'वाळवण चालू आहे. हात लावू नये.'

देवेशला मात्र मुदतीच्या आत उद्घाटन हवं होतं. फेब्रुवारीत मी तुझ्याकडे आलेलो, तेव्हा त्याने दोन ओल्या फळ्या उतरवून बाक करून घेतला. पाठीवर कमिटीच्या सात जणांची नावं कोरली. झाडाच्या नावाला जागा उरली नाही. फीत कापली आणि पंधरा दिवसांत बैठकीची फळी होडीसारखी वाकली. आता बाकाच्या चार पायांपैकी एका वेळी तीनच जमिनीला टेकतात, आणि कोणते तीन, ते बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं. याची चौकशी नेमली गेली. कोणाकडे? वाळवी उपसमितीकडे.

एप्रिलमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या आवडाबाईंनी माझी पाटी वाचली, उरलेल्या फळ्या ओढत उन्हात नेल्या आणि त्यांवर जुनेर अंथरून कुरडया घातल्या. मी चिडलो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "वाळवणच लिवलंय ना भाऊ? मग सावलीत कसं वाळंल?" मग कुरडया वाळेपर्यंत मीच तिथे कावळे हाकत बसलो. (कुरडया चांगल्या झाल्यात. सोबत पाठवतोय.)

पण खरा घात केला नव्या कमिटीने. तिने जुनी इतिवृत्तं चक्क वाचली. वाचणारी कमिटी मी जन्मात पहिल्यांदाच पाहिली, आणि तीच नडली. फळ्यांना वर्षभर वाळवी आहे असं वाटून सगळ्यांची गाळण उडाली. मी फळ्या ठोकून, उलटून दाखवल्या. एक भोक नाही. नवी सेक्रेटरी प्रीती, मुलगी हुशार, तिने माझ्याच सहीचे बारा अहवाल समोर ठेवले. वर छापलेलं 'लाकूड वाळवी', खाली माझ्या अक्षरात 'प्रगती समाधानकारक'. झालं! उरलेल्या नऊ फळ्यांची उद्या सकाळी विल्हेवाट लावायचा ठराव झालाय. आक्का, बाक गेला तर गेला. पण तू वाढवलेलं झाड, तुझी खुर्ची, घंटागाडीत पडताना मला बघवणार नाही. काल गच्चीवर एकटाच जाऊन त्या फळ्यांवर हात फिरवत बसलो, आणि डोळे भरून आले, हे कोणाला सांगू नकोस.

बाकी सर्व ठीक. सम्यकला आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा धाकटा भाऊ,
बाबू
(शिक्का सवयीने मारला गेला, दुर्लक्ष करावे.)

ता. क. : लाकडाला सावली, वारा आणि घरचं माणूस लागतं. तुझ्या हॉलमधला दिवाण काढला तर नऊ फळ्या बरोब्बर मावतात. देवेशची घाई पाहून फेब्रुवारीतच मी मापं घेऊन ठेवली आहेत. तेव्हा तुला वाटलं, मी खाली पडलेली गोळी शोधतोय.

ता. क. २ : हे पत्र ज्याने तुझ्या हातात दिलं, तो तानाजी. टेम्पो खाली उभा आहे. त्याला चहा दे, बिनसाखरेचा.

ता. क. ३ : लाकूड वाळायला अजून एक वर्ष आहे, पुढे खुर्चीला दोन महिने. तोवर तुला कुठेही जायची परवानगी नाही. तसा आमच्या उपसमितीचा ठराव झालाय, आणि तो बदलायला वार्षिक सभा लागते.