मागच्या सीटवरची झोप

ता. ३ फेब्रुवारी

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.

बाबा आत्ता गाडीखाली उताणे पडलेत, त्यांचे पाय तेवढे मला दिसतात. सायलेन्सरच्या पाइपला चीर गेलीय. तिच्याभोवती ते दूध पावडरच्या डब्याचा पत्रा तारेने आवळतायत. याआधी बांधलेले दोन पत्रे गळून पडले. मेकॅनिक पाइप बदला म्हणाला, तर बाबांनी सांगितलं की चीर बोटभरसुद्धा नाही, आणि आता ही गाडी लागणार तरी किती दिवस? आईला रेडिएशनला न्यायचं म्हणून तर ती ठेवलीय. 

आईचं काही ठीक नाही. जाताना ती पुढे बसते, काच खाली करून रस्त्यावरच्या लोकांना नावं ठेवते. येताना तिला हुडहुडी भरते, म्हणून बाबा सगळ्या काचा लावतात आणि तिला शाल गुंडाळून मागच्या सीटवर झोपवतात. घर आलं तरी ती उठवून उठत नाही. मग डोकं धरून बसते, ओकते. हॉस्पिटलात म्हणतात, काहींना असा त्रास होतो. बाबाही पायरीवर कपाळ दाबत बसतात, काळजीने असेल. शालीला धुराचा वास येतो म्हणून ती मी रोज धुते. बाबांना वास येत नाही, पण ते कबूल करत नाहीत.

मागच्या आठवड्यात बाबांना ताप होता, तेव्हा मी तिला बसने आणलं. त्या संध्याकाळी आपल्या आईसाहेबांनी मला भाजी चिरायला शिकवलं, माझ्या या वयात. पण तो एकच दिवस. काल म्हणाली, पुरे आता, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगून उपचार बंद करणार. बाबा ते ऐकून भिंतीवरचं घड्याळ पुसत राहिले.

उत्तर माझ्या कचेरीच्या पत्त्यावर टाक. घरी आलेलं पत्र कुणाच्याही नावाचं असो, बाबा ते आईला मोठ्याने वाचून दाखवतात, हे तू विसरला नसशीलच.

वेळेवर जेवत जा. माया आहेच.
ताई

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

घाईत लिहितोय, पत्र आजच्या टपालात पडायला हवं. तू भाजी चिरायला शिकलीस, आता तुझ्या हातचं जेवायला मी घाबरणार नाही.

पुढचं नीट वाच. बसने आली त्या दिवशी आईला काहीच झालं नाही. काचा बंद, पाइपला चीर, शालीला धुराचा वास. हा त्रास रेडिएशनचा नाही ताई, गाडीचा आहे. डिकीचं रबर मी घरी होतो तेव्हाच गेलं होतं, धूर तिथून आत येत असणार. तिला ऊब मिळावी म्हणून बाबा काचा लावतात आणि तिला धुरात झोपवतात.

त्यांना हे कळता कामा नये, त्यांना ते सोसणार नाही. पोलीस अडवतील, असं काहीतरी सांगून पाइप बदलून घे. तोवर आईला बसनेच ने, आणि उपचार बंद करू देऊ नकोस.

धाकट्यावर रागावतेस तेवढाच लोभही कर.
तुझा भाऊ

ता. ९ फेब्रुवारी

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं नाव होतं आणि पत्ता घरचा. सवयीने हात तसाच चालला असेल. तुला बोल लावत नाही.

मी दारात चपला काढत होते, तेव्हा बाबा आईच्या खाटेजवळ बसून वाचत होते. भाजीच्या वाक्याला आई हसली. पुढे बाबांचा आवाज बदलला नाही, वाचणं फक्त सावकाश झालं. त्यांना हे कळता कामा नये, हेही त्यांनी वाचलं. शेवटी तुझी सही वाचली आणि पत्र होतं त्याच घडीवर मिटलं. आई म्हणाली, याचं अक्षर काही सुधारलं नाही. बाबांनी उठून खोलीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. आईला थंडी वाजत होती, पण लावा असं ती म्हणाली नाही.

मग मला जवळ बोलावून तिने सांगितलं की उपचार बंद करायचा नाही. म्हणाली, आता बंद केला आणि मी गेले, तर हा माणूस ते स्वतःच्या माथी घेऊन बसेल. उपयोग होईल का, ते डॉक्टरांनीही अजून सांगितलेलं नाही.

तू स्वतःला खात बसू नकोस. जमलं तर येऊन जा.
ताई

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी गॅरेज उघडायच्या आधीच बाबा तिथे जाऊन उभे होते. पाइप बदलला, डिकीचं रबरही बदललं. घरी येऊन त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि आईला घेऊन ते बसथांब्यावर गेले. मला गाडी चालवता येत नाही.